रऊफ, पेटी नवी केली

रऊफ, पेटी नवी केली. तुला न विचारता केली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा.

विचारणार तरी कसं? चिखलीच्या कबरस्तानात तुझ्यावर तीन मुठी माती लोटून फाटकाबाहेर आलो, हात अजून धुतलेही नव्हते, आणि खिशात फोन वाजला. आपला सर्व्हर ज्यांच्याकडून भाड्याने घेतलाय त्यांचा निरोप होता. जुनं मशीन बंद करणार आहोत, महिनाअखेरपर्यंत नव्यावर या, त्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी आमची नाही. हा निरोप काही पहिला नव्हता. दोन वर्षं तू तो उडवून लावत होतास. "धमक्या देते लेकाचे. होत काही नाई," म्हणायचास. या वेळी उडवून लावणारा माणूस आत मातीखाली होता आणि निरोप माझ्या हातात. मला तुझा भयंकर राग आला. रडू त्यानंतर आलं.

हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐकून घे. मधे मधे बोलायची तुझी सोय आता राहिलेली नाही.

आपण दोघांनी मिळून चिखलीत कम्प्युटरचा क्लास काढला होता. तू देऊळगाव राजाचा, तुझ्या वऱ्हाडीला जालन्याकडचा हेल, मी चिखलीचाच. पुढे मी पुण्याला सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागलो. तू क्लासही चालवलास आणि उंद्रीच्या शिवारातलं सासऱ्यांचं वावरही करायला घेतलंस. कापसात अळी मारणारं बीटी बियाणं नवं होतं तेव्हाचे ते दिवस. पहिली काही वर्षं बोंडं अशी लागली की माणसं हरखून गेली. मग अळी परतली. गुलाबी, बोंडाच्या आत बसून खाणारी, बाहेरून पत्ता न लागू देणारी. त्या एका हंगामात उंद्रीकडच्या लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात, जनावरं सोडली. काय फवारायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि "मला माहीत नाही" म्हणणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. काउंटरवरून दोन-तीन बाटल्यांचं मिश्रण मिळायचं. उंद्रीच्या कमलबाईंचा दीर तसलंच काही फवारताना वावरात आडवा झाला. वाचला, पण त्याला आजही नीट दिसत नाही.

त्यानंतर तू पऱ्हाटी मंडळ काढलंस, आणि मंडळासाठी पेटी.

पेटी म्हणजे ईमेल. पण कुठल्या मोठ्या कंपनीची फुकटातली नव्हे. आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर, मंडळाच्या नावाची, आपण स्वतः बसवलेली, ब्राउझरमध्ये उघडणारी. तू ती बाप्यांना दिलीच नाहीस, बायांना दिलीस. "वेचणी बाया करते. बोंडात हात त्यायचा जाते. अळी पह्यले त्यायले दिसते, नवऱ्याले नाई," असा तुझा हिशेब होता. बाईनं बोंड फोडून फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि पेटीतून पाठवायच्या. उत्तर तू द्यायचास. तुला येत नसलं तर तुझ्या ओळखीच्या त्या शेतीतज्ज्ञाचं डोकं खाऊन आणायचास. होता होता प्रत्येकीच्या पेटीत तिच्या वावराची सगळी हकिगत साठत गेली. कोणतं बी पेरलं, अळी केव्हा दिसली, काय फवारलं, काय फवारू नका म्हणून तू हात जोडलेस.

मी म्हणायचो, फोनवर ग्रुप कर, सोपं पडेल. तू तोही करून पाहिलास आणि मोडलास. "सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी अफवा, अन् सांजेले एखांदा दुकानदार घुसते औषधाची जाहिरात घेऊन. बाईचा सवाल कुठी वाहून गेला, पत्ता नाई," म्हणालास.

पेटीवरचे शब्दही तुझेच. म्हणजे तेव्हा मला तरी तसं वाटत होतं. सुरुवातीला बाया पेटी उघडून नुसत्या बघत बसायच्या. इंग्रजी बटणं वाचता येत नव्हती, आणि मराठी निवडल्यावर जी आली ती इंग्रजीहून परकी. तू ती सगळी काढून टाकलीस. आलेल्या पत्रांच्या कप्प्यावर लिहिलंस "आलं". पाठवलेल्यांवर "धाडलं". फालतू पत्रं जिथं आपोआप जाऊन पडतात तिथं "तण". आणि नको असलेलं टाकायच्या कप्प्यावर "उकिरडा".

मी फोनवर खो खो हसलो होतो. उकिरडा काय, लोक काय म्हणतील?

"लोक म्हंजे कोण बे? पुण्यातले? त्यायले कोणी पेटी देल्ली?"

मग समजावलंस. बाया काही टाकायलाच घाबरत होत्या. टाकलं की संपलं, असं त्यांना वाटायचं. उकिरडा म्हटल्यावर भीती गेली. तो घरामागेच असतो. त्यावर चुकून पडलेली वाटी दुसऱ्या दिवशी सापडते, आणि जे उरतं त्याचं खत होऊन वावरात जातं. मी हसायचा थांबलो, पण बरोबर आहे असं काही म्हणालो नाही. ते आज म्हणतो.

पेटी बंद करून उठायचं जे बटण असतं, त्यावर तू लिहिलं होतंस "येतो". आपल्याकडे कुणाच्या घरून उठताना माणूस "जातो" म्हणत नाही, म्हणून. मला ते बटण दाबायची सवय नव्हती. काम झालं की मी सरळ खिडकी मिटायचो. तुला ते सर्व्हरवर दिसायचं आणि तू चिडायचास. "दिल्या, न सांगता उठू नये बे मानसानं. दार उघडं राह्यते." सुरक्षेच्या दृष्टीने ते खरंच होतं. पण तू काही सुरक्षेसाठी चिडत नव्हतास. तुझ्या ओसरीवर चहा पिऊन न सांगता निघालेल्या पाहुण्यावरही तू असाच दिवसभर धुसफुसायचास, आणि नसीमभाभी हसायच्या.

माझी स्वतःची पेटी मी इंग्रजीतच ठेवली होती. त्यावरून तू मला "पुणेरी साहेब" म्हणायचास. पुढे घोळ झाला तो त्यामुळेच.

आता आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय आणि मला ते पुरं करायचंय.

मी म्हणत होतो, पेटीचा प्रोग्राम जुना झालाय, नवी आवृत्ती बसवू. तू म्हणत होतास, चालतंय ना, मग कशाला हात लावतोस. मी म्हणालो, जुन्या प्रोग्रामची भोकं चोरांना पाठ होतात. एक दिवस कुणीतरी आत शिरेल, आणि कमलबाईंच्या नावानं भलतंच औषध सुचवणारी पत्रं सगळ्यांना जातील. यावर तू मला कापूस ऐकवलास.

"तुह्यं अपडेट म्हंजे बीटीच हाये बे. दरसाल नवं पाकीट. आमच्या आजाच्या टायमाले घरची सरकी राखून पेरत होते. आता राखताच येत नाई. कंपनी म्हणते नवं घ्या, अळीले जुनं समजलं. मंग नव्याचं बी समजते तिले. कुठी थांबाचं?"

"अळी शिकते म्हनूनच बदलावं लागते ना बाप्पा!"

"अळी काऊन शिकली, ते सांग पह्यले."

ते मला ठाऊक होतं, कारण तुझ्या बांधावर उभं राहून मी ते पाहिलं होतं. बीटीच्या पिशवीत एक छोटं पाकीट निघतं, साध्या, बिनबीटी सरकीचं. ते वावराच्या कडेनं लावायचं असतं. त्या ओळींवर अळी खुशाल खाते, जगते, आणि बीटीला न सरावलेली राहते. तिची पिलावळ इतरांत मिसळत राहिली की सगळी अळी बीटी पचवायला शिकत नाही. हे सगळं पिशवीवर छापलेलं असायचं आणि सगळे ते पाकीट फेकून द्यायचे. जी सरकी अळी खाणारच, ती कोण लावेल? तू लावायचास. दरसाल. तुझ्या कडेच्या ओळी बोंडाबोंडाला किडलेल्या असायच्या आणि जाणारे-येणारे म्हणायचे, "रऊफभाई अळीले जेवाले घालते." तू म्हणायचास, "हाव, घालतो. तुमच्याच वावरासाठी घालतो."

त्या दिवशी बांधावर मला तुझा फार अभिमान वाटला होता. तोंडावर मी तुला येडा म्हणालो.

तर भांडणात तुझा खरा मुद्दा शेवटी बाहेर पडला. "नवं टाकशीन तं माह्ये शब्द पुसल्या जाईन. अन् पान बदललं का बाया येत नसते, लिहून ठेव. त्या परत काउंटरवर जाईन." तुझी भीती चुकीची नव्हती. तू ते शब्द प्रोग्रामच्या पोटातच घुसून लिहिले होतेस. नवी आवृत्ती आली की जुनं पोट जातं, शब्दांसकट. मी तुला सांगितलं, शब्द बाहेर काढ, त्यांच्यासाठी प्रोग्रामच्या बाहेर वेगळी जागा असते, तिथं ठेव. मग आवृत्ती कितीही बदलली तरी त्यांना धक्का लागत नाही. कसं करायचं तेही समजावलं.

तू म्हणालास, "हाव."

मी त्या "हाव"वर विसंबलो.

शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "ईद होऊ दे. तू ये इकडं. शिरखुर्मा खाऊ अन् समोरासमोर भांडू." मी त्याच दिवशी तुला एक लांबलचक पत्र लिहायला घेतलं होतं, सगळे मुद्दे मांडून. मग वाटलं, समोरच भांडायचं तर लिहायचं कशाला, आणि अर्धंच ठेवून दिलं. ईद झाली. मला रजा मिळेना, म्हणालो पुढच्या आठवड्यात येतो. पुढच्या आठवड्यात आलो तो तुझ्या मातीला. क्लासमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेलास म्हणे. पोरांना वाटलं सर डोळे मिटून विचार करतायत. दिवसभर लोकांना सांगून उठायला शिकवणारा माणूस तू, आणि स्वतः मात्र न सांगता उठलास.

मी रजा वाढवली. तुझ्या क्लासमध्येच काम करायला बसलो, पण तुझ्या खुर्चीवर नाही, पोरांच्या बाकावर. भाभी चहा पाठवायच्या. नवऱ्यामागे बाईनं पाळायच्या इद्दतीमुळे त्या बाहेर येत नव्हत्या, दाराआडून बोलायच्या. मी नवं मशीन घेतलं, त्यावर पेटीची नवी आवृत्ती बसवली. सगळ्या जणींची पत्रं, पासवर्ड, पत्त्यांच्या याद्या, पेटीच्या सेटिंग, सगळं जुन्या मशीनवरून उचलून आणलं. प्रोग्राम तेवढा आणला नाही. तो कशाला आणायचा? तो नवाच तर बसवला होता. आमच्या धंद्यात हाच रिवाज आहे. जे पुन्हा मिळू शकतं ते जपत बसायचं नाही, जे मिळणार नाही ते जपायचं. रोजच्या सुरक्षित प्रतीही मी पुण्याहून याच नियमाने घेत होतो.

मग माझी पेटी उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी. जुनी पत्रं उघडत होती, नवी जात होती. मी जुनं मशीन परत केलं आणि त्यांनी ते लगेच पुसून टाकलं.

"भाभी, झालं," मी दाराशी जाऊन सांगितलं. "एक पत्रसुद्धा हरवलं नाही."

आतून आवाज आला, "उनका लिखा हुआ सब है ना, भाईजान?"

"हो भाभी. सगळं आहे."

रऊफ, हे मी मोठ्या विश्वासाने म्हणालो.

त्यानंतर पेटीत काही येईना. दिवस तर सरकी घ्यायचे. दरवर्षी या दिवसांत कोणतं बी घेऊ, कधी लावू, म्हणून पत्रांचा पाऊस असायचा. मी रोज उघडून बघायचो आणि स्वतःची समजूत घालायचो की दुःखात आहेत, लिहितील. मग कमलबाईंचा फोन आला.

"दिलीपभाऊ, हे पेटी कोनाची हाये?"

"आपलीच हाये कमलबाई. नवी केली."

"आपली नाई हे. आपल्या पेटीत उकिरडा होता. इथं कचरापेटी लिवलं हाये. अन् खाली मले म्हन्ते 'बाहेर पडा'. कोन म्हन्ते मले बाहेर पडा? रऊफभाऊ कधी असं बोलले नाई आमाले. आमाले वाटलं, ते गेले अन् पेटी दुकानवाल्यायनं घेतली. म्हनून कोनी लिवलंच नाई." मग म्हणाल्या, "दोघी-तिघी तं दुकानात जाऊन बी इचारून आल्या."

मी फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी पेटी मराठीत केली. संदेशपेटी. कचरापेटी. बाहेर पडा. कुठल्या तरी शहाण्या माणसानं कुठे तरी बसून केलेलं शुद्ध मराठी. मी ती वेगळी जागा उघडून पाहिली, जिथं तू शब्द ठेवणार होतास. रिकामी. तुझ्या "हाव"चा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, हे इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला कळायला हवं होतं. भाड्याच्या मशीनवाल्यांना विचारलं, ते म्हणाले पुसलं म्हणजे पुसलं. माझ्या सुरक्षित प्रतींत सगळं होतं, एक प्रोग्राम सोडून. आणि तुझे शब्द त्या प्रोग्रामच्या पोटात होते, जो पुन्हा मिळतो म्हणून मी जपला नव्हता.

जे मी बाकावर बसून इतक्या निगुतीनं सांभाळत होतो, ते सगळं होतं. तू तेवढा नव्हतास. मी तुझ्या क्लासमध्ये मोठ्यानं रडलो. कबरस्तानात एवढा रडलो नव्हतो. भाभींना काय सांगू हे कळेना, म्हणून काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन एसटीनं उंद्रीला गेलो. पुण्यात "मले" म्हटलं की लोक हसतात, म्हणून माझं वऱ्हाडी तुझ्या फोनपुरतंच उरलं होतं. तू गेल्यावर ते बोलायला माणूसच राहिला नव्हता. कमलबाईंच्या ओसरीवर बाया जमल्या. डोक्यावरचे पदर सारखे करत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी सरळच सांगितलं.

"रऊफचे शब्द गेले. चूक त्याची बी हाये, माह्यी बी हाये. मशीनवर आता एकही नाई, मले दोन-चारच आठवते."

"गेले म्हंजे?" कमलबाई म्हणाल्या. "आमी काय मेलो काय? लिवा."

आणि त्या सांगायला लागल्या. आलं. धाडलं. पत्र लिहायचं बटण "लिव", ते मी विसरलोच होतो. पत्रं शोधायच्या जागी "हुडक". एक जण म्हणाली तण नव्हतं, गवत होतं. तिला बाकीच्यांनी गप्प केलं. फोटो जोडायच्या खुणेला "बोंड दाखवा" लिहिलेलं होतं, हे तर मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक शब्दाला दोघी-तिघींची साक्ष निघत होती. मी टाइप करत होतो आणि समोर तुझी पेटी परत उभी राहत होती.

उकिरड्यापाशी कमलबाई हसल्या. "हा तं माह्याच शब्द हाये. इथंच बसून रऊफभाऊनं इचारलं होतं, कमलबाई, घरातलं नको ते कुठी टाकता? म्या म्हटलं, उकिरड्यावर, अजून कुठी? तं लय हसले, अन् लिवून घेतलं."

मग दुसरी म्हणाली "हुडक" तिचा. तिसरीचा "लिव". "येतो" कुणाचा म्हणून विचारलं, तर त्यावर कुणीच हक्क सांगितला नाही. तो तुझाच असावा.

एवढी वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस. मी तुझे शब्द म्हणत राहिलो आणि तू ऐकून घेत राहिलास. या ओसरीवरून तू ते गोळा केले होतेस, आणि जिथून उचलले तिथं ते शाबूत होते. पान बदललं तर बाया येणार नाहीत, हे तुझं म्हणणं खरं ठरलं. मात्र या वेळी मी शब्द बाहेरच्या वेगळ्या जागेत ठेवलेत. पुढच्या वर्षी आवृत्ती बदलली तरी त्यांना हात लागणार नाही. तेव्हा माझंही खरं होतं, हे तुला आता कबूल करावं लागेल. "हाव" म्हणून चालणार नाही.

एक कप्पा मात्र राहिला. अर्धं लिहून ठेवलेल्या पत्रांचा. बायांच्या पेटीत तू तो दिसूच दिला नव्हतास. नव्या आवृत्तीत तो दिसायला लागला होता.

"हा कशाचा?" कमलबाईंनी विचारलं.

"पत्र अर्धं लिहून ठेवलं का इथं राह्यते."

"अर्धं काऊन ठेवाचं? लिवलं तं धाडाचं."

त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या स्वतःच्या पेटीत त्यावर काय लिहिलं होतंस, काही लिहिलं होतंस की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तुझी पेटी मी जशीच्या तशी आणलीय, पण उघडलेली नाही; उघडली तरी तो शब्द प्रोग्रामसोबत गेलेलाच आहे. परत आल्यावर भाभींना सगळं खरं सांगितलं आणि त्या शब्दाचंही विचारलं. त्या म्हणाल्या, "मुझे क्या मालूम भाईजान? मुझसे तो मुँह पे ही लड़ते थे." आणि दाराआड हसता हसता रडायला लागल्या.

तिथं काय लिहू म्हणून मी कमलबाईंनाही विचारलं होतं.

"राहू द्या रिकामं," म्हणाल्या. "रऊफभाऊ अळीसाठी कडेच्या ओळी सोडत नव्हते काय? तसंच समजा."

मी ती ओळ रिकामी सोडली.

पत्रं पुन्हा यायला लागलीत. उत्तरं मी आणि तुझा तो शेतीतज्ज्ञ मिळून देतो. त्याचं डोकं आता मी खातो. ज्या दुकानात जाऊन विचारून आल्या होत्या, त्यांनीही दुकानदारानं काय सांगितलं ते लिहून विचारलंय, खरं का खोटं. भाभींनी वावर यंदा बटईनं, म्हणजे वाट्यानं, दिलं. बियाण्याची पिशवी घरी आली तेव्हा त्यांनी ते छोटं पाकीट आधी बाजूला काढलं आणि दाराआडून बटईदाराच्या हाती देत बजावलं, "पहले ये. किनारे से."

माझी पेटी आता वऱ्हाडीत आहे. पुणेरी साहेब संपला, असं समज. बिननावाच्या त्या कप्प्यात एकच पत्र आहे, ईदच्या आधी तुला लिहायला घेतलेलं. सगळे मुद्दे त्यात आहेत, अळीचा, चोरांचा, जुन्या-नव्याचा. त्याच्याच खाली मी हे सगळं लिहीत आलो. छापायला एक प्रत दिली, पण तुला अजून धाडलेलं नाही. बटण समोर आहे, तुझा पत्ता चालू आहे, आणि कमलबाई म्हणतात ते बरोबरच आहे, लिहिलं तर धाडावं. पण धाडलं की माझ्याकडून भांडण मिटलं, आणि मला ते इतक्यात मिटवायचं नाही. तुझ्याशी बोलायला माझ्याकडे तेवढंच उरलंय.

आज इथंच थांबतो. खिडकी नुसती मिटत नाही, दार उघडं टाकत नाही. नीट सांगून उठतो.

येतो, रऊफ.